लकव्यानंतर सासऱ्यांची डावी बाजूच गायब झालीय, नातवाने व्हीआर हेडसेट आणलाय, त्याने डोकं सुधारतं का?

खाडीकाठची_सून (रविवार, रात्री १०:५०)

नमस्कार मंडळी, इथे बरेच महिने नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आम्ही गुहागर तालुक्यात खाडीकाठी राहतो. सासरे, आम्ही आण्णा म्हणतो, वय ६८, गावात ४१ वर्षांचं किराणा दुकान. यंदा गौरी-गणपती पाण्यात सोडून आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा चहाला उठले तर तोंड वाकडं आणि डावा हात लोंबतोय. शेजारचे म्हणाले अंगावरून वारं गेलंय, तेल चोळा, आणि आम्ही खरंच अर्धा तास तेल चोळत बसलो, आठवलं की अजून स्वतःचा राग येतो. मग गाडी शोधा, चिपळूण गाठा, सीटी स्कॅन करा, यात गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची साडेचार तासांची वेळ टळून गेली. गुठळी मेंदूच्या उजव्या बाजूला होती.

आता साडेतीन महिने झालेत. पाय बरा आहे, काठी घेऊन परसापर्यंत जातात, हात अजून ढिलाच. बोलणं स्पष्ट, आरत्या सगळ्या पाठ, जुनी उधारी कोणाकडे किती तेसुद्धा आठवतं. पण डावी बाजू नाहीच्चे. ताट वाढलं की उजवीकडची भाजी-आमटी संपते आणि डावीकडचं लोणचं, चटणी, कोशिंबीर जशीच्या तशी. वर मला विचारतात, हल्ली तुम्ही डावी बाजू वाढायचं बंद केलंत काय? दाढी उजव्या गालाचीच करतात. दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटतो, चार वेळा तरी आपटलाय. आणि यातलं काही चुकतंय हे त्यांना पटतच नाही, मला काय झालंय म्हणतात.

दुकान सध्या मी बघते, नवरा लोट्याला कंपनीत आहे. एकदा हौसेने गल्ल्यावर बसले. गिऱ्हाईकाने तूरडाळ मागितली, ती डाव्या हाताला असते, आण्णांनी सांगितलं संपली. पोतं मांडीला लागत होतं हो. तो माणूस हसला आणि म्हणाला आण्णा, हे काय. तेव्हापासून दुकानात पाऊल टाकत नाहीत, विचारलं की म्हणतात कंबर दुखते.

गेल्या आठवड्यात मोठ्या दिरांचा मुलगा पुण्याहून व्हीआर हेडसेट घेऊन आला, म्हणजे डोळ्यांवर बांधायचा डबा, आत चौफेर खोटं जग दिसतं. त्यात सुपरमार्केटचा गेम आहे, यादी दिसते आणि फळ्यांवरून वस्तू उचलून टोपलीत टाकायच्या. आण्णांनी आधी तो डबा हातावर तोलला आणि म्हणाले पाचशेच्या वर आहे थोडा. काट्यावर टाकला तर ५१५ ग्रॅम! पहिल्या दिवशी खूश होते, हवेत हात घालून बिस्किटाचे पुडे काढत होते. दुसऱ्या दिवशी पुतण्याने चालायचा कुठलासा गेम लावला, पाच मिनिटांत गरगरायला लागलं आणि उलटी झाली. सासूबाईंनी तो डबा कपाटावर टाकलाय आणि पुतण्याशी बोलणं टाकलंय.

तर मला विचारायचंय की याने खरंच डोकं सुधारतं का, का नुसतं खेळणं आहे? पुण्यात एक सेंटर व्हीआर थेरपीचं पॅकेज देतं म्हणे, आकडा ऐकून मी फोन ठेवून दिला. फॉलोअपला डॉक्टरांना विचारलं तर करून बघा, नुकसान नाही, म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला. आम्हाला एवढंच हवंय की शिमग्याला चाकरमानी येतात तेव्हा आण्णा गल्ल्यावर बसलेले दिसावेत.

डोंबिवली_फास्ट (रविवार, रात्री ११:१५)

अहो पोरांना मोबाईल नको म्हणून आपण ओरडतो आणि म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्याला टीव्ही बांधताय. उलटी झाली ना, मग कळलं की. आमच्या गावाकडे एक वैद्य आहेत, त्यांच्या पुड्यांनी माणसं चालायला लागलीत, नंबर हवा तर सांगा.

ओटीवरची (सोमवार, सकाळी ७:३०)

पुड्या नकोत प्लीज. गुठळीच्या पेशंटला बहुतेक वेळा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतात, त्यात कोणाची पुडी मिसळली तर काय होईल सांगता येत नाही. आणि डॉक्टरांना न विचारता बीपीची गोळी बंद करायची नाही, हेही सांगून ठेवते.

मी ओटी आहे. म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, ऑपरेशन थिएटर नव्हे आणि खणा-नारळाची ओटीही नव्हे, रत्नागिरीत हे दर आठवड्याला एकदा तरी समजावून सांगते. फिजिओ हातपाय हलवतो, आम्ही त्या हातपायांनी आणि डोक्याने माणूस रोजची कामं कशी करेल ते बघतो.

ताई, तुम्ही ताटाचं जे लिहिलंय ना, ते मी विद्यार्थ्यांना शिकवताना वापरणार आहे, चालेल ना? याला नेग्लेक्ट म्हणतात. उजव्या मेंदूला मार बसला की डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डोळे चांगले असतात, कॅमेरा ठीक आहे पण बघणाऱ्याच्या हिशोबात ती बाजू धरलेलीच नाही, असं समजा. आणि स्वतःला काही झालंय हे न कळणं हा त्याच दुखण्याचा भाग असू शकतो, हट्टीपणा नव्हे, हे सासूबाईंना जरूर सांगा. अजून एक प्रकार असतो, त्यात नजरेचा अर्धा पडदाच गेलेला असतो. तो माणूस मान वळवून भरपाई करायला शिकतो कारण आपल्याला दिसत नाही हे त्याला कळतं. आण्णांना दोन्ही असू शकतं, तेव्हा एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडून फील्ड, म्हणजे नजर दोन्ही बाजूंना कुठवर पोचते ते, तपासून घ्या.

एक गंमत करून बघा. १९७८ साली इटलीत मिलानला बिसियाक आणि लुझ्झाटी या दोघांनी अशाच पेशंटना सांगितलं, डोळ्यासमोर आपला कॅथेड्रलचा चौक आणा, तुम्ही कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात, काय काय दिसतं सांगा. पेशंटनी उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. मग म्हणाले, आता कॅथेड्रलच्या पायरीवर उभे आहात आणि तोंड चौकाकडे आहे. आता मघाशी जे गाळलं होतं ते सगळं आलं आणि मघाशी जे सांगितलं ते गायब! म्हणजे डाव्या बाजूची माहिती डोक्यात शाबूत असते, तिथपर्यंत पोचता येत नाही. आण्णांना चौक कशाला, दुकान विचारा. डोळे मिटून आधी गल्ल्यावर बसल्यासारखं, मग रस्त्यावर उभं राहून दुकानाकडे बघितल्यासारखं. परीक्षा घेतल्यासारखं करू नका, गप्पांत घ्या.

आता हेडसेटचं. पूर्ण खेळणं नाही आणि जादूही नाही. नेग्लेक्टमध्ये आम्ही मुख्यतः नजर मुद्दाम डावीकडे न्यायची सवय लावतो, स्कॅनिंग म्हणतात. हेडसेटमध्ये ते करायला सोपं जातं कारण वस्तू कुठे ठेवायच्या ते आपल्या हातात असतं, आज थोडी डावीकडे, उद्या अजून डावीकडे, आणि मान किती वळली ते कळतं. काही सांडत नाही, फुटत नाही. कंटाळा येत नाही हाही मोठा फायदा आहे, एरवीच्या सरावात कागदावरचे तारे शोधून खोडून खोडून माणूस विटतो.

पण पुरावा विचाराल तर सेंटरवाले सांगतात तितका नाही. कॉक्रेन म्हणून संस्था आहे, ती एका विषयावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासते, तिच्या २०१७ च्या आढाव्यात स्ट्रोक म्हणजे लकव्यानंतरच्या व्हीआरच्या ७२ चाचण्या, २४७० पेशंट एकत्र बघितले होते. हाताच्या बाबतीत निघालं काय, तर नेहमीच्या थेरपीच्या जागी व्हीआर दिलं तर काही जास्त फायदा नाही, नेहमीच्या थेरपीच्या वर जोडलं तर थोडा दिसतो, म्हणजे एकूण सरावाचे तास वाढल्याचा तो फायदा असावा. आणि लक्ष, स्मरण वगैरेबद्दल सांगण्याइतका पुरावाच नव्हता. त्याच्या आधी २०१६ मध्ये मदेराच्या लोकांनी, पोर्तुगालचं बेट आहे ते, कॉम्प्युटरवर एक खोटं शहर बनवलं, त्यात सुपरमार्केट, पोस्ट, बँक, औषधांचं दुकान, आणि स्ट्रोकच्या पेशंटना तिथली कामं करायला लावली. त्यांचं लक्ष आणि स्मरण नेहमीच्या थेरपीपेक्षा जास्त सुधारलं, पण माणसं सगळी मिळून १८. एसटीच्या अर्ध्या गाडीत मावतील. त्यामुळे आशा ठेवा पण पॅकेजसाठी दागिना मोडू नका.

उलटी का झाली तर कुंभार्ली घाटात गाडी लागते तेच, फक्त उलटं. डोळे म्हणतात चालतोय, कानातलं तोल सांभाळणारं यंत्र म्हणतं बसलोय, पोट बिघडतं. चालायचे, उडायचे गेम पूर्ण बंद. ज्यात आपण जागेवर आणि वस्तू समोर, असेच लावा. हाताच्या खुर्चीत बसवून, सुरुवातीला पाचच मिनिटं, आणि कोणीतरी त्यांच्या डाव्या बाजूला उभं राहायचं. स्ट्रोकनंतर कधी फिट आली होती का? आली असेल तर न्यूरोच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात लावू नका.

देवगडचो_झील (सोमवार, दुपारी २:०५)

वहिनी, माझी आवस दोन वर्षांमागे अशीच पडली. तिची गुठळी डावीकडे, म्हणजे तुमच्या आण्णांच्या उलट, उजवं अंग आणि वाचा गेली. आमी तिका रातोरात गोव्याक बांबोळीच्या हॉस्पिटलात घेऊन गेलव. (मराठीत लिहितो, मालवणी सुरू झाली की थांबणा नाय.)

मी पण असाच हौशी. तेव्हा पुठ्ठ्याचा चष्मा मिळायचा, त्यात मोबाईल घालायचा, ऑनलाईन मागवला आणि आईला समुद्राखालचा व्हिडिओ लावला, म्हटलं मासे बघून खूश होईल. जन्म गेला देवगडच्या बंदरावर मासे विकण्यात, तिला मासे काय दाखवायचे! एक मोठा मासा तोंडावर आला आणि ती किंचाळून रडाक लागली, आणि रडणं थांबेचना, अर्धा तास. नंतर डॉक्टर म्हणाले स्ट्रोकनंतर रडू-हसू आवरत नाही असं होतं. तिला बोलता येत नसल्याने थांबव हेही सांगता आलं नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं. आण्णांना बोलता येतंय ते तुमचं नशीब. त्यांना आधीच सांगून ठेवा की हात वर केला की लगेच काढणार.

आमच्याकडे जे कामी आलं ते सांगतो. आईला पाणी मागता यायचं नाही पण रामरक्षा लावली की सोबत धडाधड म्हणायची. थेरपिस्ट बाईंनी तिथूनच धरलं, आधी सूर मग शब्द. आणि संध्याकाळी पत्ते. शेजारच्या दोघी यायच्या, मेंढीकोट. पहिला महिना ती पानं नुसती धरून बसायची, मग हळूहळू हुकूम ओळखायला लागली आणि एक दिवस भिडूने चुकीचं पान टाकलं तर तिच्याकडे बघून कपाळावर हात मारला. त्या दिवशी आमच्या घरात भजी झाली.

ओटीवरची (सोमवार, दुपारी ३:४०)

@देवगडचो_झील, तुमच्या मेंढीकोटाला चक्क लॅन्सेट न्यूरॉलॉजी या डॉक्टरी मासिकाचा पाठिंबा आहे. २०१६ मध्येच एक मोठी चाचणी आली होती, १४१ पेशंट, चार देशांत. अर्ध्यांना हातासाठी निन्टेंडो वीचे गेम, अर्ध्यांना पत्ते, बिंगो असले साधे खेळ, दोघांनाही तेवढाच वेळ. दोन्हीकडचे हात सुधारले आणि दोन्हीत फरक निघाला नाही. ती चाचणी हाताची होती, लक्षाची नाही, आणि वी म्हणजे टीव्हीसमोरचा गेम, डोक्यावरचा हेडसेट नव्हे, पण पॅकेज विकणाऱ्याला हे जरूर विचारा.

हिंजवडी_बॅकलॉग (सोमवार, रात्री ११:५८)

मीच तो पुतण्या. काकू, लिंक तूच पाठवलीस, त्यामुळे आता लिहितो. आजीला सांग सॉरी, रोलरकोस्टर नव्हता तो, जंगलातली सफर होती, पण हो, हातातल्या कंट्रोलरच्या स्टिकने चालायचं होतं, माझी चूक.

टेक्निकल बाजू थोडी सांगतो कारण अजून कोणी घेणार असेल तर उपयोग होईल. कास्टिंग चालू करा, म्हणजे आतलं चित्र मोबाईलवर दिसतं, त्याशिवाय पेशंट काय बघतोय ते कळत नाही आणि तुम्ही डावीकडे बघा डावीकडे बघा ओरडत बसता. घरात वायफाय नसेल तर हॉटस्पॉटवर चालतं. चष्मा असेल तर आत स्पेसर मिळतो तो लावा. आणि ओटीवर उन्हात अजिबात ठेवू नका, भिंगातून ऊन आतल्या स्क्रीनवर पडलं की डाग पडतो तो कायमचा. पावसाळ्यात आपल्याकडे चपलांना बुरशी येते तर भिंगांना का नाही येणार, हवाबंद डब्यात सिलिकाच्या पुड्यांसोबत ठेवा.

माझ्या डोक्यात एक आयडिया आहे. ते सुपरमार्केट इंग्रजी, वस्तू परदेशी, आजोबा विचारत होते हे ब्रोकोली नावाचं काय आहे आणि किलोला कसं. मित्राकडे ३६० कॅमेरा आहे, पुढच्या शनिवारी येतो, आपल्याच दुकानाचं सगळीकडून शूट घेतो आणि ते हेडसेटमध्ये टाकतो. आजोबा त्यांच्याच गल्ल्यावर बसतील आणि डावीकडे बघून तूरडाळ शोधतील.

देवगडचो_झील (मंगळवार, सकाळी ६:२०)

अरे बाबा, दुकान पंधरा पावलांवर आसा ना? खरा दुकान सोडून दुकानाचो फोटो डोक्यार बांधूचो? इंजिनीअर लोकांचा काय खरा नाय.

खाडीकाठची_सून (मंगळवार, रात्री १०:३०)

झीलभाऊ, मलाही हसू आलं, पण मला पुतण्याचं थोडं पटलं आणि का ते सांगते.

काल जेवणानंतर ओटीवर बसलो होतो (घराच्या ओटीवर हो ताई!) तेव्हा तुमचा तो चौकाचा प्रयोग केला. म्हटलं आण्णा, डोळे मिटा, तुम्ही गल्ल्यावर बसलाय, सांगा मला दुकानात काय काय आहे, मला यादी करायचीय. लगेच सुरू झाले, साबण, चहापत्ती, बिस्किटं, अगरबत्ती, काडेपेट्या, मेणबत्त्या, कुठल्या फळीवर कुठला साबण ते सगळं. आणि थांबले. मी म्हटलं अजून? म्हणाले झालं की. सगळी उजवी बाजू, डावीकडचा एक दाणा नाही. मग म्हटलं आता समजा तुम्ही गिऱ्हाईक आहात, रस्त्यावरून आलात आणि आत बघताय. तर तूरडाळ, मूगडाळ, पोह्यांचं पोतं, तेलाचे डबे, मसाल्याच्या बरण्या, आमसुलं. आणि साबण नाही, चहा नाही, काही नाही! माझ्या अंगावर काटा आला. सासूबाई सुपारी कातरत होत्या, त्यांचा अडकित्ता थांबला. म्हणाल्या, म्हणजे दुकान अख्खं आहे गो त्यांच्या डोक्यात.

मग आण्णांनी डोळे उघडले आणि मी हळूच सांगितलं की आण्णा, पहिल्या वेळेला डाळी राहिल्या. गप्प बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, त्या दिवशी पोतं खरंच तिथे होतं काय. मी हो म्हटलं. साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून असं काही विचारलं.

तर मुद्दा असा की त्यांना लाज वाटते, कंबर बिंबर काही दुखत नाहीये. गावात आण्णा म्हणजे हिशोबाला पक्के, लोक पावसात लाईट गेल्यावर अंधारात यायचे तरी हे हाताने चाचपून वस्तू काढून द्यायचे. आता चूक होईल आणि कोणीतरी बघेल ही भीती आहे. त्या हेडसेटमध्ये कोणी बघत नाही. परवा खोट्या सुपरमार्केटात त्यांनी दहा वेळा चुकीची वस्तू उचलली आणि दहाही वेळा हसले. घरात हसत नाहीत ते.

फिट कधी आली नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गुरुवारची वेळ घेतलीय.

ओटीवरची (बुधवार, सकाळी ७:१०)

ताई, मला खरं तर तुम्हाला फोन करावासा वाटतोय. लाजेचं तुम्ही बरोबर पकडलंत, आम्ही क्लिनिकमध्ये गुण मोजत बसतो आणि हे सुटतं. पण एक विचारू? आपल्याकडे दुकानं दुपारी १ ते ४ बंद असतात ना? शटर अर्धं ओढा. कोणी येत नाही, सगळे झोपलेले. तुमच्या झीलभाऊंचं खरं दुकान आणि पुतण्याचं न-बघणारं-कोणी, दोन्ही तिथे एकत्र मिळतं.

असं करा. डावीकडच्या फळ्यांची जी अगदी टोकाची कड आहे तिला वरपासून खालपर्यंत लाल चिकटपट्टी लावा. आण्णांना नियम एकच, लाल दिसेपर्यंत मान वळवायची आणि मग वस्तू शोधायची. तुम्ही गिऱ्हाईक व्हा, तीन-चार वस्तू मागा, सुरुवातीला एकच डावीकडची. चुकलं तर उत्तर सांगू नका, लाल दिसलं का एवढंच विचारा. पैसे खरे घ्या, सुटे खरे द्या. ताटातही तेच, लोणच्याच्या डावीकडे लाल रुमाल. हेडसेट त्याच्या आधी दहा मिनिटं, मान मोकळी करायला, आवडतंय तर जरूर. पण जो गेममध्ये पटाईत झाला तो दुकानात पटाईत होतोच असं नाही, गेमचा सराव बऱ्याचदा गेममध्येच राहतो, त्यामुळे गुण गेमचे मोजू नका. डाळ सापडली का ते मोजा.

थकवा दिसला की बंद. स्ट्रोकनंतर तीनातल्या साधारण एकाला डिप्रेशन येतं, झोप, भूक आणि गप्प बसणं यावर लक्ष असू द्या, वाढलं तर डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे. शेगडी आणि गाडी सध्या दोन्ही नाही, कितीही म्हणाले तरी.

आणि स्वतःला जुंपून घेऊ नका. आपल्याच देशात १४ हॉस्पिटलांत १२५० पेशंटवर एक चाचणी झाली होती, २०१७ मध्ये आली, घरच्यांना शिकवून त्यांच्याकडूनच थेरपी करून घ्यायची. सहा महिन्यांनी बघितलं तर मरण किंवा परावलंबन यात काही फरक नव्हता. हे निराश करायला नाही सांगत. शिमग्यापर्यंत आण्णा गल्ल्यावर बसले नाहीत तर ते तुम्ही कमी पडलात म्हणून नसेल, एवढ्यासाठी सांगतेय. महिन्यातून एकदा तरी ओटीला दाखवा, तवसाळ-जयगड फेरीबोटीने आलात तर रत्नागिरी तुम्हाला तितकी लांब नाही.

डोंबिवली_फास्ट (बुधवार, सकाळी ९:००)

पुड्यांचं मी मागे घेतो. माझे वडील पण असेच उजवीकडचंच जेवायचे शेवटी, आम्ही म्हणायचो नखरे करतात. कोणी सांगितलंच नाही हो.

खाडीकाठची_सून (२५ दिवसांनी, रविवार, दुपारी ४:३०)

खूप जणांनी मेसेज करून विचारलं म्हणून लिहितेय, आत्ता शटर उघडायच्या आधी.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी फील्ड तपासून सांगितलं ठीक आहे, म्हणजे नेग्लेक्टच. फेरीबोटीने जाऊन रत्नागिरीला दाखवून आलो, ओटीताई, तुम्हीच होतात ते मला तुमच्या टेबलावरच्या लाल चिकटपट्टीवरून कळलं, तुम्ही ओळख दाखवली नाहीत म्हणून मीही नाही दाखवली! आण्णा परत येताना बोटीत रेलिंगला धरून उभे होते आणि कितीतरी वेळ एकाच काठाकडे बघत होते. मी त्यांना हाताने धरून गर्रकन फिरवलं तेव्हा दुसरा काठ दिसला, म्हणाले अरे, इकडेपण गाव आहे.

दुपारचं दुकान रोज नाही होत, आठवड्यातून चार दिवस धरा. पहिला आठवडा भयंकर गेला, चिडायचे, एकदा सुट्या पैशांची वाटी फेकली. हेडसेट दहा मिनिटं लावतो, तो मात्र न चुकता मागून घेतात. पुतण्याने ३६० वालं दुकान करून आणलं, त्यात आण्णांनी स्वतःचं दुकान बघितलं आणि पहिलं वाक्य काय, तर किती धूळ बसलीय फळ्यांवर, सूनबाई झाडत नाही काय. तोंडघशी पडले मी. पण त्या फोटोतल्या डाव्या फळ्या बघायला मान वळते, त्यात लाल पट्टीपण आलीय. हेडसेटने होतंय का पट्टीने होतंय का आपोआपच बरं होतंय ते ताईंनाही विचारलं, त्या म्हणाल्या पहिल्या काही महिन्यांत मेंदू स्वतःच बराच सावरतो, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. सासूबाईंनी देवीला दिलंय.

चारातली एखादी डावीकडची वस्तू सापडते, कधी दोन, कधी शून्य. दाढी अजून अर्धीच. काल मात्र एक झालं. मी गिऱ्हाईक होऊन पावशेर आमसुलं मागितली. आण्णांनी मान वळवली, लाल पट्टीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले, आणि एकदम ओरडले, आमसुलांची बरणी मसाल्याला चिकटवून कोणी ठेवली, वास लागतो तिला, कितीदा सांगितलंय! ती बरणी मी गणपतीनंतर हलवलीय. म्हणजे आण्णा आजारी पडल्यानंतर. पूर्वी ती खालच्या फळीवर असायची.

मी इतकी रडले की त्यांना वाटलं ओरडले म्हणून रडतेय. म्हणाले, बरं राहू दे तिथेच.

आज ताटातलं लोणचं तसंच राहिलं होतं.

देवगडचो_झील (रविवार, दुपारी ४:५२)

वहिनी, पावशेर आमसुलांचे पैसे बरोबर घेतलेनी काय?

खाडीकाठची_सून (रविवार, दुपारी ४:५८)

पाच रुपये जास्त लावले. मी काही बोलले नाही.